८० टक्के वाचले. उरलेल्या २० चे काय?

गंजापायी भारताचा वर्षाचा खर्च ७,०३० कोटी डॉलर. गंजावर काम करणाऱ्या ‘नेस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हा २०१६ चा अंदाज. २०१३ च्या सकल देशांतर्गत उत्पादनाशी त्याचे प्रमाण ४.२ टक्के पडते, तर जगाचे ३.४.

धार जिल्ह्यातल्या पिथमपुरात वाहने बनतात, देवासला गिअर आणि किर्लोस्करांचे पंप. अशा उद्योगांना लागणारे पत्रे, नळ्या, तारा बहुधा पिकलिंगमधून, म्हणजे आम्लाच्या टाकीतून, आलेल्या असतात. आम्ल वरची पापडी काढते आणि खालचे लोखंडही खाते. १ किलो लोखंड विरघळले की १.३ किलो हायड्रोजन क्लोराइड संपते आणि सुमारे ४०० लिटर हायड्रोजन सुटतो. वापरून झालेले आम्ल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते.

हे नुकसान रोखायला आम्लात गंजरोधक घालतात. प्रचलित रसायनांपैकी प्रोपार्जिल अल्कोहोलसारखी काही विषारी आहेत. म्हणून वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे लक्ष गेले. तेलातले रेणू धातूला चिकटतात आणि आम्लाला जागा उरत नाही. मोरोक्कोतल्या संशोधकांनी २००६ मध्ये पुदिन्याच्या कुळातले पेनिरॉयल तेल तपासले: १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, लिटरला २.७६ ग्रॅम तेल घालून, ८० टक्के संरक्षण. दवण्याच्या जातकुळीतल्या आर्टेमिसियाचे तेल सल्फ्युरिक आम्लात लिटरला १ ग्रॅम मात्रेवर ७४ टक्क्यांपर्यंत पोचले.

८० टक्के म्हणजे झीज एक-पंचमांश. ९५ टक्के म्हणजे एक-विसांश. कागदावर फरक १५ गुणांचा, पण पोलादाची झीज चौपट.

मात्रेचा हिशेब त्याहून अवघड. टाकी १०,००० लिटरची धरली तर पेनिरॉयल लागेल २७.६ किलो. तेलाचा उतारा १ टक्का मानला, तर त्यासाठी पाला २,७६० किलो. शिवाय १ मोलर आम्ल म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. कारखान्यातली टाकी अनेकदा १० टक्क्यांपुढची असते. आणि तेल बाष्पनशील, त्यामुळे गरम टाकीत त्याची मात्रा टिकत नाही.

एका ठिकाणचा उपाय दुसरीकडे चालतोच असे नाही, हे याच धारमध्ये दिसते. तिथल्या लाट मशिदीजवळ जुन्या लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत, एकूण लांबी ४३ फूट ४ इंच. या लोखंडात फॉस्फरस ०.२८ टक्के आहे. त्यातून बनलेल्या फॉस्फेटच्या थराने हवेतला गंज शतकानुशतके रोखून धरला. हायड्रोक्लोरिक आम्लात हाच थर विरघळतो. हवेतला उपाय आम्लात चालत नाही. तसेच प्रयोगशाळेच्या चंचुपात्रातला आकडा टाकीत गृहीत धरता येत नाही.

सुगंधी तेलांना संधी द्यायलाच हवी, पण चाचणी पिथमपूर-देवाससारख्या ठिकाणच्या चालू टाकीत व्हावी. निकालात चार आकडे हवेत: दर चौरस मीटरला किती ग्रॅम पोलाद गेले, आम्लाचे प्रमाण, तापमान आणि लिटरमागे खर्च. हे चार नसतील, तर कारखानदाराने केवळ टक्केवारी पाहून तेल विकत घेऊ नये.