परदेशातले स्थळ आणि पहिली फारकत

सोयरीक जमवताना आपण घर पाहतो, जमीन पाहतो, विहिरीला पाणी किती ते विचारतो, भावकीत चौकशी करतो. पण अमेरिकेतले स्थळ चालून आले की ही सारी चौकशी थंडावते. "मुलाचे पहिले लग्न मोडले, पण आता सारे मिटले आहे," एवढ्यावर सुपारी फुटते. मिटले ते कागदावर मिटले का, हे विचारणे मुलीच्या आईबापांचे पहिले काम आहे.

लग्न लागले म्हणजे मुलगी लगेच विमानात बसली असे होत नाही. नवऱ्याला तिच्यासाठी तेथील सरकारकडे 'आय-१३०' नावाचा अर्ज करावा लागतो. दोघांपैकी कोणाचेही आधी लग्न झाले असेल, तर ते कायद्याने संपल्याचा पुरावा, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला, सोबत जोडावा लागतो. पहिले लग्न कायम असेल तर दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. मग अर्ज फेटाळला जातो आणि मुलगी इकडेही अडकते.

आपल्याकडे पंचांसमोर काडीमोड करून स्टँपपेपरवर सह्या घेण्याची चाल आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारी फारकत मानली आहे खरी. पण ती रूढी सिद्ध करावी लागते. म्हणून नुसत्या स्टँपपेपरवर विसंबू नका, कोर्टाचा कागद मागा.

अमेरिकेतल्या कोर्टाचा हुकूमनामा असला तरी तो वकिलाकडून वाचून घ्या. १९७५ साली तिरुपतीला लग्न झालेल्या एका नवऱ्याने १९८० मध्ये मिसुरी राज्यातल्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि १९८१ मध्ये दुसरे लग्न केले. पहिली बायको त्या कोर्टापुढे गेलीच नव्हती. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानता येणार नाही असा निकाल दिला.

आणखी दोन गोष्टी विचारा. मुलगा तिकडचा नागरिक आहे, की नुसते ग्रीन कार्ड आहे? ते कार्ड त्याला पहिल्या बायकोमुळे मिळाले असेल, तर पाच वर्षांच्या आत नव्या बायकोसाठी अर्ज करताना पहिले लग्न खरे होते, हे त्याला भक्कम पुराव्याने दाखवावे लागते. दुसरे, पहिल्या बायकोला त्यानेच तिकडे नेले होते का? नेताना नवरा तिच्या पोटापाण्याची हमी सरकारला लिहून देतो. सोसायटीच्या कर्जाला राहिलेला जामीन भांडण झाले म्हणून सुटत नाही. तशी ही हमीही घटस्फोटाने सुटत नाही. नव्या बायकोसाठी त्याची मिळकत पुरते का, हे पाहताना ती जुनी हमीही धरतात.

मुलीलाही एक गोष्ट सांगून ठेवा. तिकडचा कायम वास मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर पहिले कार्ड दोनच वर्षांचे मिळते. पुढचा अर्ज नवराबायकोने मिळून करायचा असतो. पण नवरा मारहाण, छळ करीत असेल तर तिला एकटीलाही तो करता येतो. कार्डाच्या भीतीने मार खात राहू नये.

हुकूमनाम्याची नक्कल मागितल्याने चांगला जावई रुसत नाही. जो रुसेल, त्याचे स्थळ तिथेच सोडावे.