रोपांचं पाणी तोडताना

मे संपत आला की मी रोपवाटिकेतलं पाणी हळूहळू कमी करतो, शेडनेटही काढतो. बघणाऱ्याला निर्दयपणा वाटतो. पण लाडात वाढलेलं रोप माळावर पहिल्याच उघडिपीत मान टाकतं. त्याआधी पिशव्या जागच्या हलवायच्या. कडुनिंबाचं सोटमूळ पिशवीतून जमिनीत उतरलेलं असतं. ते तुटलं की आत तंतुमुळं फुटतात. हेच लावणीच्या दिवशी तुटलं तर रोप दगावतं. तमिळनाडूच्या किनाऱ्याला मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून, म्हणून तिथे ही कामं सप्टेंबरात.

आणि उरलेली रोपं? एकदा मी ती त्याच पिशवीत ठेवून पुढच्या वर्षी विकली. उंच, देखणी होती! पण आत मुळांचं वेटोळं. दोन-तीन वर्षांनी वाऱ्यात काही आडवी झाली. पैसे परत केले. आता उरलेली रोपं मोठ्या पिशवीत जातात, वेटोळं कापूनच.