एक तालुका, दोन स्थलांतरं
गंगापूर तालुक्यातल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पुढे रांजणगाव शेणपुंजीसारखी गावं परगावच्या कामगारांनी भरून गेली. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार बहुधा कंत्राटी. तरी पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कायद्याने त्याला ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हक्क आहे. दुसरं स्थलांतर इथून बाहेर जाणारं, ऊसतोड टोळीचं; तिच्या नशिबी तेही नाही. मुकादमाची उचल घेऊन मराठवाड्यातली जोडपी दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. आजारपणात खाडा पडला तरी पैसे कापले जातात. पहाटे तोडणी, रात्री-अपरात्री मोळ्या भरणं. त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. निघण्यापूर्वी पालकांनी प्रवेशाची चौकशी जरूर करावी.