गोगलगायीवर बीटीचा उतारा का नाही?

महागाव (जि. यवतमाळ), विशेष प्रतिनिधी

कपाशी आणि सोयाबीन ही महागाव तालुक्यातील खरिपाची प्रमुख पिके. त्यांपैकी कपाशीला अळीपासून वाचविणारे जनुक बियाण्यातच बसविण्यात आले. मग कोवळे सोयाबीन फस्त करणाऱ्या गोगलगायीविरुद्ध तसे वाण का नाही? २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींमुळे अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली, तेव्हापासून हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे.

उत्तर किडीच्या पोटात आहे. बीटी कपाशीत 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या मातीतील जिवाणूचे जनुक असते. त्यापासून तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होते, तेथील विशिष्ट रेणूंना चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. हे नाते कुलूप-किल्लीसारखे आहे. कपाशीतील मावा व तुडतुड्यांवरही या प्रथिनाचा परिणाम होत नाही. गोगलगाय तर कीटकच नव्हे; ती शिंपल्यांच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. तिच्यासाठी वेगळी किल्ली शोधावी लागेल आणि ती माणसांना व गुरांना निर्धोक असल्याचे सिद्ध करावे लागेल.

पिकाची चव बदलणे हा दुसरा मार्ग. मात्र त्याची उलट बाजू युरोपात दिसली. तेलबियांच्या मोहरीवर्गीय पिकातील तिखट द्रव्ये कमी केल्यावर गोगलगायींना ते अधिक रुचू लागले. वनस्पतीचे हे संरक्षण वाढवावे, तर खाद्य म्हणून तिची उपयुक्तता घटण्याचा धोका असतो.

कपाशीचा धडा

भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये, तर दोन जनुकांच्या वाणाला २००६ मध्ये मान्यता मिळाली. तरीही २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे प्राण घेतले. एकाच जनुकावर विसंबले, की कीड प्रतिकारक्षम होते, हा त्यातील धडा. जनुकीय सोयाबीनच्या लागवडीला तर देशात परवानगीच नाही.

तूर्त उपाय साधेच आहेत. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सायंकाळी शेतात पसरावीत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. बांधालगत चुन्याचा पट्टा ओढावा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मात्र गुरे व कुत्र्यांसाठीही विषारी असल्याने जपून वापराव्यात. ही मोहीम गावाने एकत्र राबविली, तरच टिकते; कारण गोगलगाय शेताची हद्द जाणत नाही.