भिंतीवरचा खंडोबा कसा पाहावा

परभणी जिल्ह्यातल्या कित्येक घरांत देवघराच्या वर एक जुनी तसबीर असते: पांढरा घोडा, त्यावर दोघं स्वार, खाली पडलेले योद्धे. आपण रोज तिला हात जोडतो, पण निरखून क्वचितच पाहतो. एकदा ती खाली घ्या, काच पुसा आणि उजेडात धरा.

आधी स्वार ओळखायचा. गल्लत इथंच होते. घोडा आणि तलवार दिसली की पाहुण्यांना हे एखादे मराठे सरदार वाटतात. कपाळ पाहा: भंडाऱ्याचे, म्हणजे हळदीच्या पुडीचे, आडवे पट्टे. मग हात मोजा. चार हात, त्यांत खड्ग, त्रिशूळ, डमरू, भंडाऱ्याचं पात्र. त्रिशूळ-डमरू शंकराचे, हा त्याचाच अवतार, खंडोबा.

त्याच घोड्यावर भाला घेऊन बसलेली म्हाळसा. तिला बाणाई समजू नये. धनगरांची लेक बाणाई ही देवाची दुसरी राणी. युद्धाच्या चित्रात बहुधा म्हाळसाच असते, आणि ती नुसती बसलेली नसते, लढत असते.

घोड्याच्या पायाशी कुत्रा दिसेल. तो शोभेचा नाही, देवाच्या बाजूनं लढणारा आहे. दात कुठे रुतलेत ते पाहा.

घोड्याचा उचललेला पाय पाहून स्वाराचा मृत्यू कसा झाला ते सांगणारे लोक भेटतात. त्याला आधार नाही. इथं तो पाय फक्त चाल दाखवतो.

आता सगळ्यात खाली या, आणि घाई करू नका. पडलेले दोघं म्हणजे मणी आणि मल्ल हे दैत्यबंधू. मल्लाचा अरि म्हणून देव मल्हारी. मल्ल शेवटपर्यंत नमला नाही. मणी मात्र मरताना शरण आला. त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली. ती त्याला मिळाली. म्हणून मणीलाही पूजेत मान आहे.

शेवटी खालची कड. तिथं छापखान्याचं नाव असतं: पुण्याची चित्रशाळा (१८७८) किंवा रविवर्म्यांचा मुंबईत १८९४ साली निघालेला छापखाना असेल, तर ती शिळाछाप असण्याचा संभव मोठा. शिळाछाप म्हणजे दगडावर काढून कागदावर उतरवलेलं चित्र, दर रंगाला वेगळा दगड. अशी प्रत ओल्या फडक्यानं पुसू नये; कुंकू-हळदीची बोटंही काचेवरच लावावीत.

तसबीर परत टांगण्याआधी घोड्याकडे पुन्हा पाहा. देव बसलाय तो मणीचा घोडा.