बॉम्बे रक्तगट : प्रतिपिंडे व पूरक प्रथिने यांमुळे होणारा पेशीनाश

प्रस्तावना : रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा विशिष्ट परिस्थितीत मानवी पेशींचाच नाश घडवून आणते. विसंगत रक्त दिल्यानंतर होणारे रक्तविलयन हे त्याचे ठळक उदाहरण होय. बॉम्बे रक्तगटाच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बॉम्बे रक्तगट : तांबड्या पेशींवरील 'ए' व 'बी' ही प्रतिजने 'एच' या मूळ प्रतिजनापासून तयार होतात. 'ओ' गटात 'एच' तसेच राहते. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मुंबईतील अशा व्यक्तींची नोंद केली, की ज्यांच्या पेशींवर 'एच'देखील नव्हते. अशा व्यक्तींच्या रक्तद्रवात 'ए', 'बी' व 'एच' या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. त्यामुळे सर्वांना चालणारे समजले जाणारे 'ओ' गटाचे रक्तही त्यांना घातक ठरते.

पेशीनाशाची प्रक्रिया : 'एच'विरोधी प्रतिपिंडे प्रामुख्याने 'आयजीएम' प्रकारची असून ती शरीराच्या तापमानालाही क्रियाशील असतात. ती दात्याच्या पेशीला चिकटताच 'सी१' हे पूरक प्रथिन त्यांच्याशी जोडले जाते. 'आयजीएम'चा एकच रेणू यासाठी पुरेसा असतो. 'आयजीजी'चे मात्र किमान दोन रेणू जवळजवळ असावे लागतात. पुढे 'सी४', 'सी२' व 'सी३' क्रमाने कार्यान्वित होतात. प्रत्येक टप्प्यावर एका विकरामुळे अनेक रेणू सक्रिय होत असल्याने मूळ क्रिया झपाट्याने वाढत जाते. अखेरीस 'सी५बी' ते 'सी९' ही प्रथिने एकत्र येऊन पेशीपटलाला छिद्र पाडतात. त्यातून पाणी व क्षार आत शिरतात, पेशी फुगून फुटते आणि हीमोग्लोबिन रक्तात मिसळते. ज्या पेशी फुटत नाहीत, त्यांच्यावर 'सी३बी'चे आवरण चढते व यकृतातील भक्षकपेशी त्यांना गिळतात.

मानवी पेशींवर 'सीडी५५' व 'सीडी५९' ही संरक्षक प्रथिने असतात. तथापि प्रतिपिंडांचा मारा मोठा असल्यास हे संरक्षण अपुरे पडते.

परिणाम : मुक्त हीमोग्लोबिनमुळे मूत्रपिंडास इजा होते. 'सी३ए' व 'सी५ए' या तुकड्यांमुळे रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब घसरतो. ताप, कंबरदुखी व लालसर लघवी ही लक्षणे दिसतात आणि रुग्ण दगावूही शकतो.

निष्कर्ष : केवळ 'ए' व 'बी' प्रतिजनांची तपासणी केल्यास बॉम्बे रक्तगट 'ओ' म्हणूनच नोंदविला जातो. रुग्णाचा रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींशी पडताळून पाहिल्यास मात्र पेशींच्या गुठळ्या होतात व फरक उघड होतो. म्हणून तातडीच्या प्रसंगीही ही पडताळणी शक्यतो टाळू नये. तसेच या विरळ गटाच्या दात्यांची अद्ययावत नोंद रक्तपेढ्यांकडे असणे अगत्याचे आहे.