लांकूड व प्लास्टिक यांची मिश्र फळी

उघड्यावरच्या लांकडाला तीन वैरी: ऊन, पाऊस आणि बुरशी. त्यांना चुकविण्यासाठीं लांकूड व प्लास्टिक यांच्या मिश्रणाची फळी निघाली. वितळलेल्या पॉलिएथिलीनसारख्या प्लास्टिकमध्यें लांकडाचा बारीक भुसा, पुष्कळदां निम्म्याहून अधिक वजनाचा, मिसळतात. आणि सोऱ्यांतून शेव पाडावी तशी साच्याच्या तोंडांतून फळी काढतात. १९९०च्या दशकांत अमेरिकेंत घरामागील फळ्यांचे ओटे व बागांतील पायवाटा यांसाठीं तिचा झपाट्यानें प्रसार झाला. भुशाचा प्रत्येक कण प्लास्टिकनें वेढलेला आहे, तेव्हां तो कुजणारच नाहीं, अशी त्या वेळीं समजूत होती.

ह्या समजुतीला फ्लोरिडांतील एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानांत धक्का बसला. तेथील अशा फळ्यांच्या पायवाटेवर लांकूड कुजविणारी बुरशी आढळली; मॉरिस व कूपर ह्या संशोधकांनीं १९९८ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला.

याचें कारण असें कीं, भुसा दाट असला म्हणजे त्याचे कण एकमेकांस टेकतात व त्यांची सांखळी पृष्ठभागापासून आंत जाते. पाणी त्याच वाटेनें, परंतु फार सावकाश, शिरतें. लांकडांतील ओलावा शेंकडा २०च्या खालीं असेल तर बुरशीचें सहसा कांहीं चालत नाहीं. मात्र फळीचा गाभा कोरडा असतांहि तिचा वरचा थर भिजलेला असूं शकतो. तेथील कण भिजून फुगतात, वाळून आकसतात. त्यांच्याभोंवतीं सूक्ष्म भेगा पडतात, आणि पुढच्या पावसाला वाट अधिक मोकळी होते.

उन्हाचें काम निराळें. अतिनील किरणांनीं लांकडांतील लिग्निन व प्लास्टिकचे लांब रेणू दोन्ही तुटतात आणि फळी पांढरट पडते. उष्णतेनें ती लांबीला साध्या लांकडाहून पुष्कळच अधिक वाढते, व सततच्या भाराखालीं हळूहळू वांकते.

ह्यावर उपाय आहेत. मिश्रणांत झिंक बोरेट घातल्यास बुरशीस आळा बसतो. रंगद्रव्यें किरणांस अडवितात. अलीकडच्या फळ्यांना बाहेरून निव्वळ प्लास्टिकचें कवचहि असतें. परंतु करवतीनें कापलेल्या टोकाशीं तें कवच उरत नाहीं. म्हणून गवंड्यानें व सुतारानें फळ्यांच्या टोकांशीं फट राखावी, खालून वारा खेळता ठेवावा, पाणी सांचूं देऊं नये, आणि घराचा भार वाहणाऱ्या तुळया व खांब यांसाठीं ही फळी वापरूं नये. येवढें पथ्य पाळल्यास ती दीर्घकाळ सेवा देते.